झेंड्याच्या दिवशी नानांचं पोट दुखायचं

माझे वडील निराधार नव्हते. वाक्य साधंच आहे, पण ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या आश्रमातल्या ताईंना तर नाहीच. धुळ्याजवळच्या एका वृद्धाश्रमाच्या नोंदवहीत नानांच्या नावापुढे लिहिलेलं आहे : निराधार, शेतमजूर, उत्पन्न नाही. अक्षर माझं आहे. मी शाळेत कारकून आहे, फॉर्म भरणं हेच माझं काम. ताई चष्मा शोधत होत्या, तेव्हा मीच म्हटलं, द्या इकडे, मी भरतो.

नाना फौजेत होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले. दर महिन्याला त्यांची पेन्शन अमळनेरच्या बँकेत जमा व्हायची, आणि फौजेचं दवाखान्याचं कार्ड होतं, ते दाखवलं की मोठ्या खाजगी दवाखान्यातही उपचार व्हायचे. म्हणजे म्हातारपणी ज्याला आधार म्हणतात तो त्यांनी स्वतः कमावून आणलेला होता. मी तो आधार कपाटात ठेवला आणि माणूस आश्रमात ठेवला.

कसं झालं ते सांगतो. आई गेल्यावर नाना गाव सोडून आमच्याकडे जळगावला आले. गावचं घर विकलं, चुलतभाऊ सगळे सुरतेला. आमच्या दोन खोल्या. माझी शाळा विनाअनुदानित, पगार कधी दोन महिन्यांचा एकदम, कधी नाहीच. बायको शिवणकाम करते. नानांनी आल्याबरोबर पेन्शनचं पासबुक आणि कार्ड माझ्या हातात दिलं. म्हणाले, ठेव, माले काय लागस? त्याच सुमारास मुलीला शिरपूरला फार्मसीला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षीची फी नानांच्या पेन्शनमधून गेली, आणि मग तेच ठरून गेलं. कोणी ठरवलं नाही, नुसतं ठरून गेलं.

मग नाना न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा कार्ड वापरलं, ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण त्यानंतर काठी आली, आणि उठवायला-बसवायला माणूस लागायला लागला. बायको मशीनवरून उठून उठून थकली. ती कधी बोलली नाही. मीच एका ओळखीच्याकडून त्या आश्रमाचं ऐकून आलो. तिथे दोन बाजू होत्या. एका बाजूला पैसे भरून राहणारे, दुसऱ्या बाजूला देणग्यांवर चालणाऱ्या, बाया-पुरुष मिळून मोजक्याच फुकट खाटा, ज्यांना सांभाळणारं कोणी नाही आणि उत्पन्न काही नाही त्यांच्यासाठी. नियम सरळ होता : ज्याला कसलीही पेन्शन आहे, त्याने पैसे भरायचे. भरायचे म्हणजे नानांची जवळजवळ सगळी पेन्शन तिकडे जाणार. मग शिरपूरचं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं. बायकोला वाटलं, तिथे सगळ्यांनाच फुकट ठेवतात. मी तिला तसंच वाटू दिलं.

जळगावहून धुळ्याला जाताना एसटीत नाना खिडकीशी बसले होते. बाहेर कपाशी वेचणं चालू होतं. पारोळा मागे पडल्यावर मी बोललो. आमचं आपसातलं बोलणं अहिराणीतच चालायचं.

"नाना, तठे फौजनं नाव काढानं नही."

"काब्र?"

"पेन्शनवालासले फुकट ठेवतस नही."

"मंग पैसा भर ना. पेन्शन शे ना मनी."

मी म्हटलं, "ती शिरपूरले लागी ऱ्हायनी."

नानांनी खिडकीची काच अर्धी सरकवली. मग म्हणाले, "पोरनी फी?"

"हां."

"मंग ठीक शे."

मला वाटलं, झालं, संपलं. पण धुळं जवळ आल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. त्या विचारण्यात तक्रार नव्हती. ड्यूटीवर जाताना हुकूम नीट समजून घ्यावा तसं विचारलं.

"पन कोनी इचारं तर काय सांगू? माले खोटं बोलता येस नही."

"तुम्ही नका बोलू. मी बोलसू."

आणि बोललो मीच. ताईंनी विचारलं, "बाबा, आधी काय काम करायचात?" विचारल्याबरोबर नानांची हनुवटी वर झाली. नाव, हुद्दा सांगायच्या वेळी त्यांची अशी व्हायची. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "शेतमजुरी." नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. परकं कोणी बोललंय का, असं पाहिलं. मग ताईंकडे वळून म्हणाले, "हां जी. मजुरी."

ताई भल्या बाई. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, तरी तो शोधत फिरणाऱ्या. माझ्या दोन खोल्या आणि न होणारा पगार ऐकून म्हणाल्या, "यादीत साक्रीकडची एक आजी आहे तुमच्या आधी. पण तिला निदान भावाचं घर आहे. तुमची अडचण जास्त दिसते." मी मान हलवली. त्या आजीचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही.

पुरुषांच्या फुकट वॉर्डात नानांच्या शेजारच्या खाटेवर पिंपळनेरकडचे एक आबा होते. दोन्ही पाय गेलेले, म्हणजे होते पण कामाचे नव्हते. खाट हेच त्यांचं घर, अंगण, चावडी. तोंड मात्र अखंड चालू. मी महिन्यातून एकदा जायचो. पहिल्याच वेळी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तुना बाप चादर अशी आथरस ना, माशी बसनी तर घसरी पडी."

खरंच होतं. ओळीत बारा खाटा, त्यातली नानांची एकटीच इस्त्री फिरवल्यासारखी. चपला खाटेखाली एका रेषेत. उशाशी ब्लँकेटची चौकोनी घडी. ताई कौतुकाने सगळ्यांना दाखवायच्या. मला म्हणाल्या, "मजुरीच्या माणसाला एवढी शिस्त! कुठून आली हो?" मी म्हटलं, "स्वभाव आहे." त्या दिवशी निघताना नानांना म्हणालो, चादर जरा साधी टाकत जा. नानांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात चादर थोडी चुरगळलेली होती. मुद्दाम चुरगळलेली कळत होती.

मग आली सव्वीस जानेवारी. मी तिथे नव्हतो, शाळेत झेंडावंदनाला हजेरी लागते. नंतर गेलो तेव्हा ताईंनी हसत हसत सांगितलं. अंगणात सगळे म्हातारे जमेल तसे उभे राहिले, कोणी खुर्चीत, कोणी भिंतीला टेकून. ताईंनी 'सावधान' म्हटलं आणि बाबांची टाच अशी आपटली की पुढची आजी दचकली. हात मुठी वळून मांडीला, छाती पुढे, काठी कुठल्या कुठे पडलेली. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, हा तर सिनेमातला शिपाई. ताईंनी विचारलं, बाबा, पोलिसात होतात का? बाबा म्हणाले, नाही.

मी हसलो ताईंबरोबर. मग वॉर्डात जाऊन नानांच्या खाटेवर बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, "सांभाळा ना, नाना."

नानांनी आपल्या हाताकडे बघितलं. "आंग आयकत नही रे," म्हणाले. "तोंडले सांगी ठेयेल शे. आंगले कसं सांगू?"

मग त्यांनी आपला मार्ग आपणच काढला. त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला त्यांचं पोट दुखलं. पुढच्या सव्वीस जानेवारीलाही दुखलं. एक मे आला, दुखलं. बाहेर झेंडा चढायचा आणि नाना आत खाटेवर, पोट धरून.

गावी असताना हाच माणूस झेंड्याच्या आदल्या दिवशी स्वतः कोळशाच्या इस्त्रीने ब्लेझर कडक करायचा. आईला हात लावू द्यायचा नाही. पितळी बिल्ला चिंचेने घासायचा. सकाळी गावातल्या शाळेत पहिला हजर. गुरुजी दर वर्षी म्हणायचे, यंदा झेंडा हवालदार साहेबांच्या हाताने. मी त्या शाळेत शिकत होतो, आणि रांगेत उभा राहून मला त्यांची लाज वाटायची, कारण त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. आता तो आवाज ऐकायला मिळणार असेल, तर मी कुठेही जाईन.

तिसऱ्या वर्षी ताईंनी मला ऑफिसात बसवलं. चहा दिला. म्हणाल्या, "एक बोलू का? राग मानू नका. बाबांचं झेंड्याशी काय वाकडं आहे?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"बरोबर त्याच दिवशी पोट दुखतं. एरवी दगड पचवतात. पायाने अधू माणसंसुद्धा खुर्चीत बसून येतात हो. चांगलं नाही दिसत. एवढी वर्षं देशाचं अन्न खाल्लं..." त्या थांबल्या. भल्या बाई होत्या, वाक्य पुरं केलं नाही.

तेव्हा सांगायचं होतं. आयुष्यात सांगायची एकच वेळ असते असं नाही, पण ती वेळ नक्की होती. समोर चहा होता, दार बंद होतं, बाई समजूतदार होती. फार तर काय झालं असतं? नाना पलीकडच्या बाजूला गेले असते. मी म्हणालो, "वय झालं ताई. या वयात होतं असं." आणि चहा संपवला.

वर्षातून एक दिवस मात्र नाना पुन्हा हवालदार व्हायचे. नोव्हेंबर. पेन्शनवाल्याने नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो, नाहीतर पेन्शन थांबते. ताईंना सांगायचो, नातेवाइकांकडे लग्न आहे, संध्याकाळपर्यंत आणून सोडतो. आश्रमापासून वळण ओलांडलं की मी पिशवीतून त्यांची टोपी आणि ब्लेझर काढून द्यायचो. रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, ते ब्लेझर चढवायचे. टोपी डोक्यावर ठेवून दोन बोटं भुवईवर मोजायचे. मग चालण्यातच फरक पडायचा. काठी असायची, पण ती टेकायची कमी, मिरवायची जास्त.

अमळनेरच्या बँकेत त्या दिवसांत सगळी जुनी फौज जमलेली असायची. शिरपूरकडून मोटारसायकलवर आलेले, पिंपळनेरपासून दोन एसट्या बदलून आलेले. त्यांच्यात एक सुभेदार होते, नानांचे जुने सोबती, मिशा पांढऱ्या पण पीळ तसाच. लांबूनच ओरडायचे.

"अरे हवालदार! जिंदा हो?"

"साहब, यही तो लिखवाने आया हूँ!"

दोघं हसायचे, आणि दर वर्षी हाच विनोद, आणि दर वर्षी तेवढंच हसायचे. सुभेदार विचारायचे, कुठे असता? नाना माझ्याकडे न बघता सांगायचे, "बेटे के पास. जलगाँव. मजे में." ज्याला खोटं बोलता येत नव्हतं, त्याला माझ्यासाठी बोलता यायला लागलं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणायची, या हवालदार साहेब, इथे सही. सही करताना नाना खाली आपला फौजेचा नंबर घालायचे. तिथे नंबराची जागा नव्हती. तरी घालायचे. ती मुलगी घालू द्यायची.

मग आम्ही स्टँडजवळच्या एका खाणावळीत बसायचो. थंडीची सुरुवात, नवीन वांगी आलेली. काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. नाना जेवताना कमी बोलायचे, पण त्या दिवशी बोलायचे. बर्फातल्या चौकीत दाढीचं पाणी कसं गोठायचं. माझ्या जन्माची तार त्यांना सतरा दिवसांनी कशी मिळाली, आणि लंगरच्या स्वयंपाक्याने डाळीत साखर टाकून गोड जेवण म्हणून कसं वाढलं. मी पन्नाशीला आलो तेव्हा माझ्या वडिलांची ओळख होत होती, वर्षातून एक जेवण याप्रमाणे. तीन जेवणं झाली. मला वाटायचं, हा दिवस लांबावा. एसटी चुकावी. एकदा खरंच चुकली, तर आम्ही स्टँडवर शेंगा खात तासभर बसलो, आणि तो तास मी आजही काढून बघतो.

परतताना त्याच बाभळीखाली नाना ब्लेझर उतरवून शेवटी टोपी काढायचे. आतून एकदा हात फिरवायचे आणि माझ्या हातात द्यायचे. आश्रमाच्या फाटकातून मजूर आत जायचा.

चौथ्या वर्षी नोव्हेंबर आलाच नाही. त्याआधी मे आला. धुळ्याचा मे, पत्रे तापलेले. नानांना ताप आला, छाती भरली. आश्रमाने त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, आणि मला फोन केला. तिथे डॉक्टरांनी, नर्सनी जे करायचं ते केलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण वॉर्डात गर्दी होती, आणि माझ्या खिशात फौजेचं कार्ड होतं. मी ते जळगावहून बरोबर घेऊन निघालो होतो. ते दाखवून नानांना दुसरीकडे हलवता आलं असतं. ताई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या, पदराने नानांना वारा घालत.

मी नानांच्या कानाशी वाकलो. "कार्ड लई येल शे," म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. ताईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ओठ हलले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "खाट जाई."

खाट जाई. शेवटच्या दिवसांतही ते माझं खोटं सांभाळत होते, आणि मी सांभाळू दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. डॉक्टर म्हणाले, वय होतं. असेलही. कार्डाने फरक पडला असता की नाही, हे मला आता कोणी सांगू शकणार नाही.

आता जे सांगतो ते सगळ्यांत जड आहे. आमच्याकडच्या जुन्या सैनिकांची एक रीत आहे. कोणी गेला की निरोप फिरतो आणि ज्याला जमेल तो येतो, ब्लेझर आणि टोपी घालून. कोणी तिरंगा आणतो. तो अंगावर पांघरतात, एक जण 'सावधान' देतो, सगळे सॅल्यूट करतात, मग तो काढून घडी घालतात. नाना अशा किती जणांना गेले याची मोजदाद नाही. साक्रीला गेले, शिरपूरच्या पलीकडे सातपुड्यातल्या खेड्यात पावसात चिखल तुडवत गेले. आई ओरडायची, एवढ्या लांब कशाला? नाना म्हणायचे, "आपू जाऊत तर आपलासाठे येतीन."

सुभेदारांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी तो काढला. नाव स्क्रीनवर आलं. तेवढ्यात ताई आल्या, म्हणाल्या, आश्रमाची गाडी सांगितलीय, मी पण येते, आमचेच होते बाबा. मी फोन खिशात ठेवला. पंधरावीस म्हातारे ब्लेझर घालून स्मशानात उभे राहिले असते आणि ताईंच्या समोर माझ्या नोंदवहीतली एकेक ओळ खोटी पडली असती.

मुलगी शिरपूरहून आली होती. तिने विचारलं, "पप्पा, नानांच्या मित्रांना कळवलं ना? फौजेतल्या?" ताई चार पावलांवर होत्या. मी म्हटलं, "ऊन फार आहे बेटा. त्यांना लांब पडतं." नानांचं सगळं धुळ्यातच उरकलं. आश्रमाची चार माणसं, आम्ही तिघं, सुरतेहून निघालेला चुलतभाऊ तर पोहोचलाही नाही. सावधान कोणी म्हटलं नाही.

दोन दिवसांनी नानांचं सामान आणायला गेलो. दोन सदरे, काठी, चष्मा, दाढीचं सामान. आबा आपल्या खाटेवरून बघत होते. नेहमीसारखं बोलत नव्हते. मी निघालो तेव्हा म्हणाले, "इकडे ये. बैस."

बसलो.

"तुना बाप मजूर नव्हता ना रे?"

मी सदऱ्यांची घडी पुन्हा घालायला लागलो.

"माले काय सांगस? मी आख्खी जिंदगी मजुरी करी. मजूरना हात मी वळखस." त्यांनी आपले हात पुढे केले, भेगा पडलेले, आणि खाली ठेवले. "झेंडाना दिवशी त्यानं पोट दुखे. बठ्ठा भाईर जायेत. वॉर्डमा आम्ही दोन्हीच. भाईर गाणं सुरू व्हयनं का तो उठे. काठी खाटले टेकाडे. आनि असा उभा ऱ्हाये..." आबा झोपल्या झोपल्या ताठ झाले, हनुवटी वर. उजवा हात कपाळाशी नेला. तो नीट पोहोचला नाही, खांदा दुखत असणार. "गाणं सरे तवलोंग. पाय थरथर कापेत. मी म्हने, बैस रे भो, पडशी. आयके नही. मंग बठ्ठा भाईरथून मझार येवाना पहिले परत निजी जाये, पोट धरीसन."

मी मान खाली घातली होती.

"मी कोनले सांगं नही," आबा म्हणाले. "त्यानी सांगेल नव्हतं, तरी बी सांगं नही. आते सांगू का ताईले? ती बाई त्याले वंगाळ समजस."

मी म्हणालो, "नको."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

बँकेला मी नाना गेल्याचं आठ दिवसांत कळवलं. पेन्शन बंद झाली. तेवढा सरळपणा केला, तोही भीतीपोटी. मुलीच्या शेवटच्या वर्षाची राहिलेली फी जेमतेम निघाली, तिला नोकरी लागली. तिच्या फोनवर नानांचा वर्दीतला फोटो आहे. ती सगळ्यांना सांगते, माझ्या आजोबांच्या पेन्शनवर मी शिकले. खरं सांगते. अर्धं तिला माहीतच नाही.

त्या नोव्हेंबरात सुभेदारांचा फोन आला. आवाज खणखणीत.

"काय भाऊ, या वर्षी आमचे हवालदार बँकेत दिसले नाहीत? तब्येत?"

सांगायचं होतं. पुन्हा एकदा वेळ आली होती. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कधी गेले, आणि त्याच्या पुढचा, कळवलं का नाही. मी म्हणालो, "आता हयातीचा दाखला मोबाइलवरून होतो ना काका. चेहरा दाखवला की झालं. घरूनच केला."

"अरे वा! सुधरला हवालदार! त्याला म्हणावं, जिंदा हो तो मिलो कभी."

"सांगतो," म्हणालो.

दुसऱ्या नोव्हेंबरातही फोन आला. तेव्हाही मी तेच सांगितलं.

या वर्षी फोन यायच्या आधी मीच अमळनेरला गेलो. कारण काहीच नव्हतं. पिशवीत टोपी होती, का घेतली माहीत नाही. बँकेच्या समोर झाडाखाली पाचसहा जण उभे होते, टोप्या घातलेले, काठ्यांवर रेललेले. आधीपेक्षा कमी. सुभेदार होते, खुर्चीवर बसलेले. ते दर थोड्या वेळाने स्टँडकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. मी रस्त्याच्या अलीकडे, टपरीच्या आड उभा होतो. मला त्या रस्त्यावरून काठी मिरवत येणारा माणूस एवढा हवा होता की मीही तिकडेच बघायला लागलो. आम्ही दोघं बराच वेळ एकाच रस्त्याकडे बघत होतो.

मग मी खाणावळीत गेलो. भरीत मागवलं. पोऱ्याने सवयीने दोन पाण्याचे पेले ठेवले. खाल्लं गेलं नाही. आलेल्या पहिल्या बसने जळगावला परत आलो.

आबा अजून आहेत का, मला माहीत नाही. ते असतील तर नानांना उभं राहिलेलं पाहणारा तो एकच माणूस आहे, आणि ते असेपर्यंत मला जायला हवं. हे लिहितोय ते त्यासाठीच, की एकदा कागदावर आलं की मागे फिरता येणार नाही. फॉर्म भरणाऱ्या माणसाला एवढं कळतं.

माझ्याकडे काय काय देणं आहे ते असं. आश्रमाला, नानांच्या साडेतीन वर्षांच्या खाटेचे पैसे. ते जमतील, हप्त्याने. साक्रीच्या त्या आजीला काय देणं आहे ते मला मोजता येत नाही. ताईंना, नोंदवहीतली ती ओळ खोडून तिथे 'हवालदार, निवृत्त' लिहिणं, माझ्याच अक्षरात, त्यांच्या समोर. सुभेदारांना, त्यांचा सोबती अडीच वर्षांपूर्वी मे महिन्यात वारला हे सांगणं. आणि नानांना, एक सॅल्यूट. तो माझा नाही, त्यांच्या सोबत्यांचा. तो मी अडवून ठेवला आहे, आणि अजून दिलेला नाही.